फोटोत माणूस नको

"झालं का हो तुमचं? माणसं खोळंबलीत," मुकादमानं विचारलं.

फोटोवाल्यानं कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता डावा हात वर केला, म्हणजे थांबा. मुकादम थांबला. आता त्यालाही सवय झाली होती. रुळाचा प्रत्येक तुकडा उचलायच्या आधी एक फोटो आणि उचलल्यावर एक, दोन्ही एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, असा रेल्वेच्या ऑफिसचा हुकूम होता. त्यासाठी फोटोवाला स्टँडच्या तिन्ही पायांखाली चुन्याच्या फुल्या मारून ठेवायचा. 'आधीचा' फोटो निघाला की गॅसकटरवाले पुढं सरसावायचे, रूळ कापून क्रेनला अडकवायचे, आणि हा सावलीत बसून राहायचा. रूळ ट्रकवर चढले की हा उठायचा, फुल्यांवर स्टँड टेकवायचा आणि 'नंतरचा' फोटो काढायचा. पहिल्या फोटोत गवतात बुडालेले दोन रूळ, दुसऱ्यात नुसती खडी. झालं काम.

माणूस कसा होता म्हणाल, तर कामाला चोख आणि बोलायला शून्य. बाजारात त्याचा स्टुडिओ होता आणि गावानं त्याचं नाव 'हलूनका' ठेवलं होतं. ओळखपत्राच्या फोटोला बसलेल्या माणसाला हा आधी सांगे, हलू नका. मग सांगे, हसू नका. आणि पापणी लवली तरी पुन्हा पहिल्यापासून. लग्नाला त्याला कुणी एकदा बोलावलं की दुसऱ्यांदा बोलवत नसे, कारण त्याच्या फोटोत नवरानवरीसुद्धा पारपत्र काढायला आल्यासारखे दिसत. पण पूल, मोऱ्या, फलाट, पाण्याच्या टाक्या, म्हणजे जे मुळात हलतच नाही, त्याचे फोटो काढावेत तर त्यानंच. म्हणून गाड्या कायमच्या बंद झाल्यावर या मार्गावरच्या सगळ्या बांधकामांचा वर्षातून एकदा फोटो काढायचं काम रेल्वेनं त्यालाच दिलं होतं. कुणी घुसलं नाही ना, काही पडलं-झडलं नाही ना, एवढं ऑफिसला कळलं की पुरे. अट एकच होती. फोटोत माणूस नको.

त्या दुपारी ऑफिसच्या इंजिनिअर बाई आल्या. वयानं लहान, नियमाला पक्क्या, पण माणूस म्हणून चांगल्या. स्वतःच्या थर्मासमधला चहा आधी मजुरांना देऊन मग उरला तर पिणाऱ्या. त्यांनी मुकादमाला पुढचं काम समजावलं. रूळ काढत काढत जुन्या फाटकापर्यंत जायचं, आणि शेवटी फाटकाशेजारची खोली पाडायची. मार्गावरच्या जुन्या खोल्यांमधून जी कुटुंबं अजून राहत होती त्यांना ऑफिसमागच्या नव्या इमारतीत एकेक खोली मिळणार होती, कायमची, स्वतःच्या नावावर.

"फाटकाच्या खोलीचं काय?" फोटोवाल्यानं विचारलं. पाऊसपाण्याची चौकशी करावी तसं विचारलं.

"ती तर रिकामीच आहे की. तुमचेच फोटो आहेत, दरवर्षीचे. इतके स्वच्छ फोटो, की मी बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवते."

"हो," फोटोवाला म्हणाला, आणि स्टँड उचलून पुढच्या फुल्यांकडे गेला.

आता यात 'हो' म्हणण्यासारखं काय होतं? पण तोंडातून गेलं ते गेलं. कारण ती खोली रिकामी नव्हती. त्या खोलीत त्याची सख्खी वहिनी राहत होती.

त्याचं असं झालं होतं. त्याचा थोरला भाऊ फाटकवाला होता. गाडी बंद झाली, फाटक कायमचं उघडं राहिलं, सिग्नलच्या तारा कुणीतरी काढून नेल्या, पण थोरला आणि वहिनी खोलीतच राहिले, कारण निघा म्हणायला कुणी आलंच नाही. पहिल्या वर्षी हा फोटो काढायला गेला तेव्हा युक्ती थोरल्यानंच काढली. खोलीत माणूस दिसला की नोटीस येणार. खोली रिकामी दिसली तर कोण कशाला वाट वाकडी करून येतंय? "तू आम्हाला दाखवूच नकोस, म्हणजे आम्ही सुखात," थोरला म्हणाला, आणि तिघंही पोट धरधरून हसले होते. मग वहिनीनं भराभर सामान बाहेर काढलं, मागच्या भिंतीआड रचलं, यानं फोटो काढला, सामान पुन्हा आत. एवढ्याशा गमतीवर कायमची सोय झाली, असं तिघांनाही वाटलं.

पुढं तो नेमच झाला. आदल्या दिवशी हा निरोप धाडायचा. आधी खाट निघायची, मग स्टोव्ह, मग ट्रंक, मग भांडी, आरसा आणि शेवटी खिडकीचा पडदा. वहिनीचा हात इतका बसला होता की हा स्टँड उभा करीपर्यंत खोली लखलखीत रिकामी व्हायची. यानंही आपली कला सोडली नाही. दाराला गंजकं कुलूप अडकवायचं, पायरीवर वाळका पाला पसरायचा, काचेवर मूठभर माती फुंकायची. "भावजी, तुमचा फोटो बघितला की मलाच वाटतं, इथं कुणी राहत नाही," वहिनी म्हणायची, आणि त्याला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला सांगा. पत्रं यायची ती स्टुडिओच्या पत्त्यावर, बँकेत पत्ता स्टुडिओचा, दवाखान्याच्या केसपेपरवरही स्टुडिओचाच. कुठं म्हणून माग ठेवला नव्हता.

थोरला गेला त्या वर्षीही नेम चुकला नाही. वहिनीनं एकटीनं खाट ओढत बाहेर आणली. हा मदतीला गेला नाही, कारण प्रकाश जाणार होता आणि कॅमेरा लावून झाला होता.

भाऊ गेल्यावर फोटोवाल्याची बायको वहिनीला न्यायला दोनदा-तीनदा जाऊन आली. स्टुडिओमागची खोली मोकळीच होती. वहिनीनं दर वेळी चहा केला, गप्पा मारल्या आणि नाही म्हटलं. "पाहुणी म्हणून मी कितीही येईन," तिनं सांगितलं होतं. "राहायला आले की पाहुणीही राहणार नाही आणि घरचीही होणार नाही. मला माझं दार माझ्या हातानं लावायचं असतं गं." जावेला ते पटलं. पटलं म्हणूनच तिनं पुन्हा विषय काढला नाही.

म्हणजे आता प्रश्न सरळ होता. फाटकवाल्याची विधवा म्हणून त्या नव्या इमारतीतल्या खोलीवर वहिनीचा हक्क होता, स्वतःचं दार स्वतःच्या हातानं लावायचा हक्क. आणि त्या हक्काच्या आड कोण उभं होतं, तर तिच्या धाकट्या दिरानं काढलेले फोटो.

संध्याकाळी तो फाटकावर गेला आणि तिला सगळं सांगितलं. ती पडद्याची उसवलेली शिवण घालत बसली होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"मग सांगा की त्यांना, मी राहते म्हणून," ती म्हणाली. तिला त्यात अवघड असं काही दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. इंजिनिअर बाईंनी विचारलं, मग ते फोटो खोटे का?

"फोटो खरे आहेत," तो म्हणाला. "फोटो काढताना खोली रिकामीच होती."

दुसरं कुणी असतं तर भडकलं असतं. बाई भडकल्या नाहीत, त्यांनी त्याला शांतपणे समजावलं. नव्या खोल्यांची बातमी फुटल्यापासून रोज कुणी ना कुणी साक्षीदार घेऊन येतं आणि आम्ही जन्मापासून इथंच राहतो म्हणतं. तोंडी सांगण्यावर जायचं तर निम्मं गाव फाटकवाला निघेल. म्हणून वर ठरलंय की जुना फोटो असेल तरच. आज त्या स्वतः जाऊन वहिनीला खोलीत बघून आल्या, तरी लोक म्हणणार, काल येऊन बसली असेल. "मला एक जुना फोटो द्या. एकच," बाई म्हणाल्या. "त्यांचा चेहराही नको. दोरीवर एखादा कपडा, खिडकीत भांडं, काहीही चालेल. काम फाटकापर्यंत येईतोवर द्या, मी सही करते."

याहून जास्त कोण काय करणार होतं?

त्या रविवारी त्यानं स्टुडिओ बंद ठेवला. तो आणि बायको कॉम्प्युटरपुढं बसले आणि सगळ्या वर्षांचे फाटकाच्या खोलीचे फोटो एकेक करून मोठे करून बघू लागले. दार, कुलूप, पाला, काच. दार, कुलूप, पाला, काच. भिंतीवरची ओल वर्षागणिक वर सरकत होती, एवढाच काय तो फरक. बायको खिडकीच्या काचेत नाक खुपसून बघत होती, आत काहीतरी राहिलं असेल, ट्रंकेचा कोपरा म्हणा, खाटेचा पाय म्हणा. काही नव्हतं. ती काच त्यानं मातीनं अशी काही पुसट केली होती की आत हत्ती बांधला असता तरी दिसला नसता.

एका फोटोशी तो थबकला. त्या वर्षी वहिनी दोरीवरचा टॉवेल काढायला विसरली होती. त्याला पक्कं आठवत होतं, कारण फोटो काढून घरी आल्यावर ते लक्षात आलं आणि परत फाटकावर जायचा कंटाळा केला. मग त्यानं कॉम्प्युटरवर तो टॉवेल पुसून टाकला होता आणि त्या जागी गवत भरलं होतं.

"मग मूळचा असेल ना?" बायकोनं विचारलं.

मूळचा नव्हता. बिघडलेला फोटो तो ठेवत नसे. आता त्यानं तो कोपरा खूप मोठा करून बघितला, आणि टॉवेल नेमका कुठं होता ते त्याचं त्यालाच सापडेना. गवत अगदी गवतासारखं दिसत होतं.

"आणि घरगुती? तिच्याकडं जेवायला गेलोय आपण, दारात बसलोय, थोरले भावजी होते तेव्हा तर किती वेळा. एकपण नाही?"

"कॅमेरा कामाला न्यायचा," तो म्हणाला. "घरी कोण काढतं?"

वहिनीचे फोटो होते, नाही असं नाही. सगळे स्टुडिओतले, निळ्या पडद्यापुढचे, मान सरळ, ओठ मिटलेले. बायकोनं खुर्ची मागं सारली आणि ती आत गेली.

त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्यानं वाट बघितली. दाढ काढताना सुई दिली की गाल आपला राहत नाही, चिमटा घेतला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं त्याच्या आत काहीतरी झालं होतं. त्यानं कॉम्प्युटर बंद केला, काच पुसायच्या फडक्याची घडी घातली आणि उद्याच्या कामासाठी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.

सोमवारी काम सुरू झालं तेव्हा रूळ उचलणारी माणसं फाटकापासून हाकेच्या अंतरावर आली होती. हा 'आधीचा' काढत होता, मग 'नंतरचा' काढत होता. तो आजारी पडता, कॅमेरा बिघडल्याचं सांगता, तर काम दोन दिवस अडून राहिलं असतं. हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण दोन दिवसांनी काय होणार होतं? जो फोटो काढलाच नव्हता तो दोन दिवसांनी थोडाच सापडणार होता?

दुपारी तो वहिनीकडे गेला आणि म्हणाला, नाही सापडला. टॉवेलचंही सांगितलं. ती ऐकून घेत होती. बाहेर गॅसकटर चालू होता आणि मध्येच रूळ खडीवर आदळला की स्टोव्हवरचं झाकण थरथरत होतं.

"तुमचा हातच तसा आहे, भावजी," ती म्हणाली. "चुकून काही राहत नाही तुमच्याकडून."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला माणूस काहीतरी उत्तर देतो, निदान मान खाली घालतो. पण ती मनापासून बोलली होती, नेहमी बोलायची तशीच. मग तिनं विचारलं की स्टुडिओमागच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे. त्यानं सांगितलं. मागच्या बाजूला, गोदामाच्या भिंतीकडे. "असू दे," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं. दोघांनी चहा घेतला.

खोली पाडायच्या दिवशी तो सकाळी लवकर पोचला. सामान बाहेर काढायला हात लावायचा असं तो घरून ठरवून निघाला होता. पण वहिनीनं सगळं आधीच काढलं होतं. खाट, स्टोव्ह, ट्रंक, भांडी, आरसा, पडदा. आणि ते रचलं होतं कुठं, तर मागच्या भिंतीआड, दरवर्षीसारखं. मुकादमानं डोक्याला हात लावला. ज्या भिंतीआड सामान होतं ती भिंतच तर आज पडायची होती. मग मुकादमाच्या माणसांनी ते सगळं उचलून रस्त्यावर उभ्या असलेल्या टेम्पोत नेऊन ठेवलं. वहिनी ओशाळली. "हातच तिकडं वळला," ती म्हणाली.

फोटोवाल्यानं 'आधीचा' फोटो काढला. या वेळी त्यानं पाला पसरला नाही. गरज नव्हती, खोली खरोखरच रिकामी होती.

इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, त्यानं मान हलवून नाही म्हटलं, आणि त्यांनी मशीनवाल्याला खूण केली. बांधायला किती दिवस लागले असतील कुणास ठाऊक. पाडायला चहा निवेपर्यंतचा वेळसुद्धा लागला नाही. पत्रे उतरवले, मग मशीननं एका कोपऱ्याला सोंड लावली आणि भिंती आत बसल्या. धूळ उडाली ती रस्त्यापर्यंत गेली. मजुरांनी विटा-माती टोपल्यांनी ट्रकवर टाकली. शेवटी उरली ती फक्त फरशी. जोतं तसंच ठेवायचं असं कामाच्या कागदातच होतं. चौकोनी, करड्या रंगाची, एका बाजूला काळपट झालेली फरशी. तिथं स्टोव्ह असायचा. वर सगळीकडे बोटभर धूळ.

वहिनी इतका वेळ टेम्पोजवळ उभी होती. रडली नाही, बसली नाही, कुणी पाणी दिलं तर तेही प्यायली. फोटोवाला चुन्याच्या फुल्यांवर स्टँड टेकवत होता. त्याचे हात त्यांचं त्यांचं काम करत होते.

तेवढ्यात वहिनी टेम्पोत वाकली. सामानात हात घालून तिनं झाडू काढला आणि चालत फरशीपाशी आली. जिथं दार असायचं तिथं थांबली, पायातल्या चपला काढून जोत्याच्या कडेला एकाशेजारी एक ठेवल्या आणि वर चढली. पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन, वाकून, ती झाडू लागली. सावकाश, एकेक पट्टा, कोपरे न सोडता. खाट असायची ती जागा, ट्रंक असायची ती जागा.

मजूर बघत राहिले. मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं.

"त्यांना जरा बाजूला घ्या," इंजिनिअर बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमचा फोटो व्हायचाय ना."

सगळ्यांनी फोटोवाल्याकडे बघितलं. वहिनी, जरा बाजूला व्हा, हे वाक्य आजवर त्याच्याइतकं कुणी म्हटलं नसेल. ते आत्ताही त्याच्या जिभेवर आलं होतं.

"राहू दे," तो म्हणाला.

"फोटोत माणूस चालत नाही."

"माहीत आहे."

"त्याचा आता उपयोगही नाही हो."

"माहीत आहे मॅडम," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

चौकटीत फरशी होती, वाकलेली वहिनी होती, कडेला दोन चपला होत्या, आणि उजव्या हाताला मुकादम होता. तो मघापासून मजुरांना हुकूम देत फरशीवरच उभा होता, पायात चिखलाचे बूट. वहिनी झाडत झाडत त्याच्यापाशी आली आणि थांबली. मुकादमानं तिच्याकडे बघितलं, कडेच्या चपलांकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे, आणि घाईघाईनं खाली उतरला. तो उभा होता तिथली माती वहिनीनं झाडून काढली.

फोटोवाल्यानं फोटो काढला.